प्रकल्प नोंदी: पॉलिगॉन मोटरची चाचणी, अंबड

3 डिसेंबर

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या गल्लीतले टायपिंगवाले काका आज सकाळीच प्रिंटर घेऊन आले. रिक्षात मांडीवर धरून आणला होता. तक्रारी दोन. सकाळी पहिल्यांदा चालू केला की स्कॅनर एरर येते, दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर जाते. आणि तक्त्याच्या उजवीकडची उभी रेघ नागमोडी येते. "दादा, डावी रेघ बघ, फूटपट्टीनं मारल्यासारखी. उजवीच का नाचते?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका आहे. डावी सरळ आणि उजवी वाकडी, यातच निम्मं उत्तर आहे. दुसऱ्या एका दुकानानं ड्रम आणि टोनर बदलून पैसे घेतले होते, रेघ तशीच राहिली.

लेसर युनिटवर संशय आहे. त्यात एका छोट्या मोटरवर, म्हणजे पॉलिगॉन मोटरवर, अनेक पैलूंचा आरसा गरगर फिरतो आणि लेसरचा किरण ड्रमवर ओळीओळीनं फिरवतो. उद्या उघडतो.

4 डिसेंबर

आधी छापलेल्या पानावर स्टीलची पट्टी ठेवली. कुठलाही डाग किंवा पट्टा किती अंतरावर पुन्हा येतो ते मोजायचं, ही सवय मी कधी सोडत नाही. 24 मिमी व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल तर खूण दर 75.4 मिमीला येणार, चार्ज रोलर 12 मिमीचा असेल तर दर 37.7 मिमीला. इथे उजव्या रेघेची एक लाट साधारण 3 मिमीची आहे आणि रेघ एकूण 0.2 मिमी इकडून तिकडे जाते. एवढ्या छोट्या घेराचा रोलर या मशीनमध्ये नाहीच. म्हणजे खोड कागद ओढणाऱ्या कुठल्याच भागाची नाही.

आकडेमोड इथेच लिहून ठेवतो, पुढे लागेल. कागद सेकंदाला सुमारे 120 मिमी सरकतो. 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, म्हणून दोन ओळींतलं अंतर 0.0423 मिमी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 2,835 ओळी. आरशाला सहा पैलू, प्रत्येक पैलू एक ओळ काढतो, म्हणून आरसा सेकंदाला 472 फेरे घेणार. मिनिटाला 28,000 च्या वर. तळहातावर मावणारी मोटर, आणि वेग असा.

3 मिमीची लाट म्हणजे सुमारे 71 ओळी, म्हणजेच आरशाचे बारा फेरे. फेऱ्यागणिक येणारी चूक असती तर ती दर सहा ओळींनी, पाव मिलिमीटरवर दिसली असती. म्हणजे मोटरचा वेग बारा-बारा फेऱ्यांच्या झोक्यानं वरखाली होतोय.

मग डावी बाजू सरळ कशी? प्रत्येक ओळ सुरू होण्याआधी किरण डाव्या टोकाच्या एका लहान सेन्सरवरून जातो आणि तो सेन्सर सांगतो, आता सुरू कर. त्यामुळे ओळीची सुरुवात दर वेळी जागेवरच होते. वेगातली चूक ओळीच्या लांबीत साठत जाते आणि उजव्या टोकाला उघडी पडते. 210 मिमीच्या ओळीत 0.1 टक्का म्हणजे 0.21 मिमी, जवळपास पाच ठिपके. पट्टीनं मोजलेला आकडा हाच.

7 डिसेंबर

भंगार बाजारातून मिळालेली लेसर युनिटं कपाटात अकरा आहेत. त्यातली कुठली मोटर चांगली आहे हे आजवर मी प्रिंटरमध्ये बसवूनच ठरवत आलो. एक युनिट बसवायला-काढायला तास जातो. बसवण्याआधी मोटर टेबलावरच तपासता आली पाहिजे, म्हणून हा प्रकल्प.

मामांना विचारलं. आमच्या शेडचा मागचा भाग त्यांचा, मोटर रिवाइंडिंगचा. ते म्हणाले, "मोटर तपासायची तर लोड दे. बिनलोडाची मोटर सगळीच गोड बोलते." खरंच आहे. त्यांच्याकडे जुना रोप ब्रेक आहे. पुलीवर दोर, दोन्ही टोकांना स्प्रिंग बॅलन्स, पुलीच्या कडेत पाणी. फ्रेंच अभियंते प्रोनी यांनी 1821 मध्ये ब्रेक लावून ताकद मोजण्याची जी रीत काढली, तिचंच हे साधं रूप. डिप्लोमाला असताना आम्हीही त्यावर प्रयोग केले होते. पण 28,000 फेऱ्यांच्या आरशाला दोर कुठून बांधणार? कपलिंग लावलं तर कपलिंगचाच थरथराट मोजला जाईल.

म्हणून ठरवलं की मोटरला हात लावायचा नाही. लाल लेसर पॉइंटरचा किरण आरशावर टाकायचा, परतणारा किरण फोटोडायोडवर, म्हणजे उजेड पडला की विजेचा ठोका देणाऱ्या सेन्सरवर घ्यायचा. प्रत्येक पैलू एक ठोका देईल. दोन ठोक्यांमधला वेळ पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर मोजायचा. 125 मेगाहर्ट्झचा घड्याळठोका म्हणजे 8 नॅनोसेकंदांचा टिक. मोटरच्या छोट्या बोर्डाला पाच वायर आहेत: 24 व्होल्ट, ग्राउंड, स्टार्ट, क्लॉक आणि वेग बसला हे सांगणारी. क्लॉकही पिकोच देईल.

एक खबरदारी, हे वाचून कुणी करायला गेलं तर: युनिटमधला मूळ लेसर सुरू करायचाच नाही. तो किरण डोळ्याला जवळपास दिसत नाही, आणि न दिसणारा किरण डोळा मिटायची संधी देत नाही. मी लेसर डायोडची वायर काढून तिला टेप लावली. पॉइंटरचा किरणसुद्धा आरसा फिरला की पंख्यासारखा पसरतो, म्हणून सगळं आतून काळ्या केलेल्या पत्र्याच्या डब्यात.

8 डिसेंबर

लाइट नव्हती. डब्याला रंग दिला, फोटोडायोडचा कंस घासून बसवला.

11 डिसेंबर

पहिली रीडिंग. पैलूला पैलू लागायचा वेळ 44,100 टिक यायला हवा. सरासरी तेवढीच आली, पण एकेक ठोका पाहिला तर कमाल आणि किमान यांत मोठा फरक. टायपिंगवाल्या काकांची मोटर खराब, हे तर माहीतच होतं. म्हणून पुरवठादाराकडून आणलेली कोरी मोटर लावली. तिच्यातही 39 टिकांचा फरक. म्हणजे 0.09 टक्का. या हिशेबानं कोऱ्या मोटरनंही उजवी रेघ नाचवायला हवी, पण तीच मोटर शेजारच्या प्रिंटरमध्ये बसवून बघितली तर रेघ स्वच्छ.

मग चूक माझ्या मापात. फोटोडायोड बदलला, वायर छोट्या केल्या, 24 व्होल्टच्या सप्लायला मोठा कपॅसिटर लावला. फरक तेवढाच. रात्री साडेअकराला शटर ओढलं.

12 डिसेंबर

सापडलं. कोऱ्या मोटरचे आकडे एकाखाली एक लिहिले आणि सरासरीपासूनचा फरक बाजूला मांडला: अधिक 22, उणे 9, उणे 17, अधिक 11, अधिक 3, उणे 10. मग पुन्हा अधिक 22, उणे 9, उणे 17. दोनेक टिक इकडेतिकडे, पण दर सहा ठोक्यांनी तोच क्रम. हा मोटरचा वेग नाहीच, ही आरशाची अंगकाठी आहे. सहाही पैलू अगदी 60 अंशांवर कापलेले नसतात, एखादा मध्यापासून केसभर दूर असतो. मोटर एकसारखी फिरतेय, पैलूच कमीजास्त वेळानं समोर येतायत.

इलाज एका ओळीचा. पैलूचा वेळ पुढच्या पैलूशी लावायचाच नाही. तोच पैलू फिरून पुन्हा समोर येईपर्यंतचा वेळ घ्यायचा, म्हणजे प्रत्येक सहावा ठोका. मग पैलू कितीही वाकडा असो, तो स्वतःशीच तुलनेत येतो आणि त्याचा वाकडेपणा वजा होतो. फेऱ्याचे 264,600 टिक. कोऱ्या मोटरचा फरक आता फक्त अधिक-उणे 14 टिक, म्हणजे 0.005 टक्का.

हे जमल्यावर लेसर प्रिंटरच्या मुळाशी असलेली गोष्ट मला नव्यानं समजली, ती इथे लिहावीशी वाटते. गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत 1960 च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केलं आणि 1971 मध्ये पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात जाऊन चालणारा प्रिंटर उभा केला. त्यांच्यापुढची अडचण या आरशाचीच होती, पण वेगळ्या दिशेनं. एखादा पैलू उभ्या दिशेत जरा कलला की किरण दुप्पट कोनानं वर किंवा खाली जातो. माझ्या या युनिटचाच हिशेब करतो: आरशापासून ड्रम 200 मिमी धरला आणि ओळ पाव ठिपक्याहून जास्त, म्हणजे 0.01 मिमीहून जास्त हलू द्यायची नाही म्हटलं, तर कल पाच कोनीय सेकंदांच्या आत हवा. अंशाचे 3,600 भाग केले तर त्यातले पाच. सहाही पैलू असे घासून घ्यायचे तर प्रिंटर कुणालाच परवडला नसता.

त्यांनी आरसा सुधारायच्या मागे न लागता वाटेत एक दंडगोलाकार भिंग घातलं. किरण पैलूवर एका आडव्या रेषेत गोळा होतो, आणि पुढचं भिंग पैलूवरच्या त्याच जागेची प्रतिमा ड्रमवर पाडतं. पैलू कलला तरी किरण त्याच जागेवरून निघतो, म्हणून त्याच जागी पोचतो. वाटेत वरखाली होईल, मुक्कामाला नाही. आरसा होता तसाच राहिला, त्याची चूक कागदापर्यंत पोचेनाशी झाली. 1977 चं झेरॉक्स 9700 मिनिटाला 120 पानं काढायचं.

आज मी काकांच्या युनिटमधलं ते छोटं भिंग चिमट्यानं धरून दिव्यासमोर फिरवत बसलो. नखाएवढं. आजवर शेकडो वेळा पुसलं असेल, ते तिथे का आहे हे कधी विचारलं नव्हतं. ओळीच्या सुरुवातीचा सेन्सर हा त्याचाच भाऊ. पैलूच्या कोनाची चूक तो अडवतो, कलाची चूक भिंग अडवतं. उरते फक्त मोटरच्या वेगाची, ती अडवायला कुणी नाही. म्हणून मोटरच तपासावी लागते.

15 डिसेंबर

काकांची मोटर आज नव्या पद्धतीनं लावली. फेऱ्याचा वेळ अधिक-उणे 130 टिक, आणि झोका बरोबर बारा फेऱ्यांचा. पानावर पट्टीनं मोजलेली 3 मिमीची लाट आणि डब्यातला हा झोका एकच आहेत. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की काय आनंद होतो ते लिहून सांगता येत नाही. मामांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "बेअरिंग की सर्किट?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मुक्त फिरण्याची चाचणी. मोटर पूर्ण वेगात न्यायची, वीज तोडायची आणि आरसा थांबेपर्यंतचा वेळ घ्यायचा. ब्रेक नको, दोर नको, आरशाचं स्वतःचं जडत्वच लोड. कोरी मोटर 14 सेकंद फिरली. काकांची 5.

सकाळी सातला शेडमध्ये 12 अंश होते, तेव्हा तीच मोटर 3 सेकंदांत थांबली. तिच्या बेअरिंगमधलं तेल थंडीत घट्ट होतं, ठरलेल्या वेळात वेग बसत नाही आणि प्रिंटर एरर देतो. दोन-तीनदा चालू-बंद करताना तेल थोडं गरम होतं, मग चालतो. काकांची पहिली तक्रारही यातच सुटली. नाशिकच्या डिसेंबरातली सकाळ ही या मोटरची खरी परीक्षा, म्हणून यापुढे प्रत्येक मोटर एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी तपासणार.

16 डिसेंबर

कालच्या आकड्यांत एक फट होती. काही बोर्डांत स्टार्टची वायर सोडली की ड्राइव्हरच, म्हणजे मोटर चालवणारं सर्किटच, मोटरला ब्रेक लावतो. तसं असेल तर मी बेअरिंग नाही, ब्रेक मोजत होतो. आज 24 व्होल्टची वायर रिलेनं तोडून पुन्हा सगळं केलं. आकडे तेच आले. पण कपाटातल्या अकरापैकी दोन बोर्ड ब्रेक लावणारे निघाले, त्यांवर लाल ठिपका लावून ठेवला.

19 डिसेंबर

नऊ मोटरी झाल्या. तीन चांगल्या, चार भंगार, दोन मधल्या. मधल्यांचं काय करायचं?

आमच्या शेजारी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आजोबा राहतात. 1928 पासून नोटा छापणाऱ्या गावातलं घर, छपाईकडे बघायची नजरच वेगळी. त्यांच्याकडे दोन्ही मधल्या मोटरींची पानं नेली, कुठलं पान कुठल्या मोटरचं ते सांगितलं नाही. भिंग डोळ्याला लावून ते रेघेवरून सावकाश खाली आले. एका पानावर थांबून म्हणाले, "हे द्यायचं नाही." दुसरं ठेवून घेतलं. त्यांनी नाकारलेली मोटर अधिक-उणे 60 टिकांची, ठेवलेली 35 ची. मी अधिक-उणे 40 ही मर्यादा धरली आहे. दोन पानांवरून ठरवलेली आहे हे मला कळतं, पण त्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे.

22 डिसेंबर

काकांच्या प्रिंटरमध्ये चांगल्यांपैकी एक मोटर बसवली, अधिक-उणे 16 ची. उजवी रेघ सरळ. सकाळच्या थंडीत तीन दिवस चालवून मगच देणार.

27 डिसेंबर

काका प्रिंटर घेऊन गेले. आज वेगळंच काम आलं, आणि ते लिहिण्यासारखं आहे.

मामांकडे दिंडोरीहून एका द्राक्षबागायतदाराची 5 एचपी, 4 पोलची मोटर रिवाइंडिंगला आली होती. वाइंडिंग नवं, मेगर (इन्सुलेशनची चाचणी) चांगला, बिनलोड करंट तिन्ही फेजला सारखा. तरी मामांनी स्क्रूड्रायव्हर बेअरिंगच्या घरावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि मान हलवली. मालक म्हणाला, "बेअरिंग तर फिरतंय की." मामांना ऐकू येतं, पण दुसऱ्याला दाखवता येत नाही. मला म्हणाले, "तुझ्या डब्यासारखं हिचं करता येईल का रे?"

शाफ्टवर काळा टेप गुंडाळून त्यावर चकाकत्या टेपच्या सहा पट्ट्या लावल्या, कात्रीनं कापलेल्या. सारख्या अंतरावर नाहीत. काही बिघडत नाही, प्रत्येक सहावा ठोका घ्यायचा. पैलूंसाठी शिकलेली गोष्ट इथे फुकट कामाला आली.

मिनिटाला 1,490 फेऱ्यांपासून थांबेपर्यंत 4.1 सेकंद. 1,400 ते 1,200 या टप्प्याला 0.46 सेकंद. वीज तोडल्यावर रोटरमधलं चुंबकत्व विरायला थोडा वेळ लागतो, तो भाग हिशेबात नको म्हणून 1,400 पासून मोजलं.

मामांनी लगेच दोन्ही 6206 बेअरिंगं बदलली आणि पुन्हा चालवली. 5 सेकंद. एवढंच? दोघंही गप्प.

28 डिसेंबर

मामांनी कव्हर उघडलं. आमच्या पोरानं प्रेमानं पूर्ण पोकळी ग्रीसनं ठासून भरली होती. बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा, एवढंच ग्रीस लागतं. जास्त झालं की गोळ्या ते घुसळत बसतात आणि तापतात. जास्तीचं काढलं. 8.6 सेकंद, टप्प्याला 0.80.

किती वॅट वाचले ते सांगायचं तर रोटरचं जडत्व हवं, आणि ते नेमप्लेटवर नसतं. लेथवर 200 मिमी व्यासाची, 20 मिमी जाडीची स्टीलची चकती करून घेतली. वजन 4.93 किलो, जडत्व अर्धं वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, 0.0247 किलो-मीटर वर्ग. चावी घालून शाफ्टवर बसवली, वर जाळीचं गार्ड. चकतीसह तोच टप्पा 2.32 सेकंदांचा झाला. घर्षण तेच, जडत्व वाढलं, म्हणून वेग सावकाश उतरला. या दोन आकड्यांवरून रोटरचं जडत्व 0.013 निघालं. मग 1,300 फेऱ्यांना बेअरिंग आणि पंख्यात जाणारी ताकद: आधी 80 वॅट, आता 46.

34 वॅट ऐकायला थोडे वाटतात. मामा म्हणाले, "34 वॅटची सोल्डरिंग आयर्न बेअरिंगला दिवसभर टेकवून ठेव, मग सांग थोडे का."

2 जानेवारी

मालक मोटर न्यायला आला. त्याला आलेख दाखवला नाही. मोटर चालू केली, बंद केली आणि त्याच्याच मोबाइलवर सेकंद मोजायला लावले. साडेआठ. शेजारी जुन्या बेअरिंगची दुसरी एक मोटर होती, ती साडेतीनमध्ये थांबली. त्यानं दोन्ही पुन्हा करायला लावल्या. मग घरच्या आणखी दोन मोटरी सोमवारी आणतो म्हणाला.

5 जानेवारी

टायपिंगवाल्या काकांचा फोन. थंडी वाढलीय, एरर एकदाही नाही.

मामांनी आजपासून नेम केलाय. मोटर वार्निश वाळवायच्या ओव्हनमधून निघाली, जोडली, की एकदा मोकळी सोडायची आणि सेकंदांचा आकडा वार्निशच्या ब्रशनं टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचा, तारखेसकट. पुढच्या वेळी ती मोटर आली की झाकण उघडून पहिलं तेच वाचायचं. आज चार झाल्या: 8.6, 7.9, 9.1 आणि एक 6.2 ची, ती बाजूला ठेवलीय. उद्या सकाळी सातला थंडीत पुन्हा लावणार.